पाण्यात दोन थेंब: कोरियातल्या ह्युमिडिफायरची गोष्ट

आजचा भाग एका फोनवरून सुचलाय.

गेल्या डिसेंबरात ताईचा शिकागोहून व्हिडिओ कॉल आला. भाची तेव्हा आठ महिन्यांची. घरात दिवसरात्र हीटर चालू, हवा कोरडी ठाक, पोरीचं नाक सारखं सुकायचं. डॉक्टरांनी ह्युमिडिफायर लावा म्हणून सांगितलेलं. ताई म्हणाली, "अरे, तू इंजिनियर ना, मग सांग कुठला घेऊ. आणि हो, पाण्यात डिसइन्फेक्टंटचे दोन थेंब टाकले तर चालतील ना? बाळाच्या खोलीत लावायचाय."

मी "बघून सांगतो" म्हणालो. बघायला बसलो आणि दक्षिण कोरियात जाऊन पोचलो.

आधी थोडं विज्ञान. गार हवेत पाण्याची वाफ मावतच नाही फारशी. बाहेर उणे दहा अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तरी तीच हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता जेमतेम दहा टक्क्यांवर येते. म्हणजे हीटर पाणी शोषून घेत नाही, हवेची तहान वाढवतो. कोरियातही हिवाळा असाच कडक, आणि घरं जमिनीखालून तापवायची पद्धत. त्यामुळे तिथे घरोघरी ह्युमिडिफायर आले. बरेचसे अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाणी न तापवता कंपनांनी त्याचा बारीक तुषार करणारे.

आता या यंत्राची एक कटकट आहे. पाणी साचून राहिलं की टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो. रोज घासायचा कंटाळा कुणाला येत नाही? ही अडचण ओळखून १९९४ मध्ये तिथे एक नवीन वस्तू बाजारात आली: ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक. झाकणभर ओता, टाकी स्वच्छ. पुढे आणखी कंपन्या उतरल्या. पीएचएमजी नावाचं रसायन असलेली बाटली सगळ्यात जास्त खपली. माणसाला सुरक्षित, मुलांनाही चालेल, अशी जाहिरात असायची. सुपरमार्केटमध्ये साबणाशेजारी ठेवलेली. कोण शंका घेणार?

२००६ च्या सुमारास बालरोगतज्ज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. हिवाळा सरताना, वसंतात, लहान मुलं फुफ्फुसाच्या गंभीर आजाराने येत होती. औषधं लागू पडत नव्हती. वाटलं, एखादा विषाणू असेल. डॉक्टरांनी त्यावर लिहिलंही, पण कारण सापडलं नाही.

मग २०११ चा वसंत. सोलच्या आसान मेडिकल सेंटरमध्ये अतिदक्षता विभागात एकामागून एक रुग्ण आले, बहुतेक गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका. फुफ्फुसं झपाट्याने कडक होत चाललेली. जंतू कुठलाच सापडेना. हॉस्पिटलने सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राला कळवलं. तिथल्या लोकांनी रुग्णांची आणि इतरांची तुलना केली: घरात काय वापरता, कशाजवळ झोपता. उत्तर आलं ते हादरवणारं. ह्युमिडिफायरमधलं जंतुनाशक वापरणाऱ्यांमध्ये या आजाराची शक्यता सुमारे ४७ पट होती.

३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राने संशय जाहीर केला. प्राण्यांवर हुंगण्याच्या चाचण्या झाल्या, नोव्हेंबरात उत्पादनं बाजारातून काढली. आणि पुढच्या वर्षी असे नवे रुग्ण आलेच नाहीत. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

मंडळी, मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कारण चाचण्या झाल्या होत्या, पण चुकीच्या वाटेच्या. पीएचएमजी त्वचेला लागलं तर फार त्रास देत नाही, वस्तू पुसायला ते वापरतात. पण अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याचा तुषार करतं तेव्हा पाण्यात जे काही आहे ते सगळं हवेत जातं, आणि इतक्या बारीक थेंबांत की थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतं. श्वासातून गेलं तर काय होईल, हे कुणी तपासलंच नव्हतं. कायद्यानेही विचारलं नाही, कारण ही बाटली औषध नव्हती, घरगुती सफाईची वस्तू होती. आमच्या धंद्यात हे रोज होतं: एका कामासाठी लिहिलेला कोड दुसरीकडे चिकटवायचा, आणि "आधी तर नीट चालत होता" म्हणायचं. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडतो.

इथे माणसं गेली. भरपाईसाठी अर्ज करणाऱ्यांचा आकडा सात हजारांवर गेला, त्यात हजाराहून जास्त मृत. सगळ्यात खपणारी बाटली विकणाऱ्या ऑक्सीचे माजी प्रमुख शिन ह्यून-वू यांना जानेवारी २०१७ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सहा वर्षांवर आली. पीडितांसाठी वेगळा कायदा झाला, घरगुती रसायनांचे नियम कडक झाले. पण कल्पना करा त्या आईची, जिने बाळाच्या काळजीपोटी रोज रात्री न चुकता झाकणभर ओतलं. जितकी काळजी जास्त, तितकं विष जास्त. हे दुःख कुठलं कोर्ट भरून देणार?

मग ताईला काय सांगितलं? पहिलं उत्तर: थेंब नाही. एकही नाही. जंतुनाशक नाही, सुगंधी तेल नाही.

दुसरं, यंत्र कुठलं. पाणी उकळून वाफ सोडणारा जंतूंच्या बाबतीत चांगला, पण रांगणारं बाळ भाजू शकतं. अल्ट्रासॉनिक स्वस्त आणि शांत, पण पाण्यातले क्षारही हवेत फेकतो, फर्निचरवर पांढरी पूड बसते. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ओल्या फिल्टरमधून पंख्याने हवा खेचणारा क्षार मागे ठेवतो, फक्त फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. ताईने हा तिसरा घेतला.

तिसरं, निगा. पाणी रोज ओतून टाकायचं, टाकी पुसून कोरडी करून मगच ताजं भरायचं. दर तीन दिवसांनी यंत्र बंद करून, प्लग काढून घासायचं. क्षार धरले असतील तर व्हिनेगर, आणि काहीही वापरलं तरी नंतर भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं. शिवाय आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवायचं. ३० ते ५० टक्के पुरे. खिडक्यांवर पाणी ओघळायला लागलं तर बंद करा, नाहीतर भिंतींना बुरशी येईल.

ताई म्हणाली, "म्हणजे रोज घासायचाच तर!" हो, ताई. कोरियात ती बाटली नेमका हाच कंटाळा विकत होती.

तुमच्या घरी ह्युमिडिफायर असेल तर आज टाकीत बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर हा भाग थांबवा, आधी ती घासा. भेटू पुढच्या भागात.