दोर सांधणी
दोर सांधणी : गाठ न मारता दोराच्या टोकांचे पेड उलगडून ते परस्परांत गुंफण्याची क्रिया. या क्रियेने दोन दोर एकमेकांस जोडता येतात किंवा एकाच दोराच्या टोकाशी कायमचा फास तयार करता येतो. नाविक परिभाषेत अशा सांध्याला ‘स्प्लाइस’ म्हणतात. शिडाच्या जहाजांवर विकसित झालेले हे कौशल्य एकोणिसाव्या शतकात खाणींतील तारदोरांना व विसाव्या शतकात ग्लायडर आकाशात चढविणाऱ्या दोरांना उपयोगी पडले. समुद्रापासून दूर असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतही शेतीच्या गरजेतून दोर वळण्याची जुनी परंपरा होती. जहाज, ग्लायडर व मोट या तिन्ही ठिकाणी माणसाचा जीव किंवा उपजीविका दोरावर अवलंबून असे. मात्र दोर जाणणाऱ्या हातांना तिन्ही ठिकाणी सारखी प्रतिष्ठा लाभली नाही.

तत्त्व : तंतूंना पीळ देऊन सूत, अनेक सुतांना उलट पीळ देऊन पेड आणि सामान्यतः तीन पेडांना पुन्हा उलट पीळ देऊन दोर तयार होतो. विरुद्ध दिशांच्या या पिळांमुळे दोर आपोआप उलगडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, या म्हणीत हाच गुण स्वभावदर्शक अर्थाने आला आहे.

दोराला गाठ मारली की तो तीव्र वळणात वाकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, आतले सैल पडतात आणि सर्व भार थोड्या तंतूंवर येतो. त्यामुळे गाठीपाशी दोराचे बळ जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते. सांध्यात तसे होत नाही. एका टोकाचे पेड दुसऱ्या दोराच्या पेडांखालून आळीपाळीने ओवलेले असतात. दोर ताणला जाताच बाहेरचे पेड आतल्या पेडांना अधिक दाबतात व घर्षणाने सांधा घट्ट होतो. चांगल्या सांध्यात दोराचे सु. ८५ ते ९५ टक्के बळ टिकते. नैसर्गिक तंतूंच्या दोरात प्रत्येक पेड किमान तीन वेळा ओवण्याची पद्धत आहे. नायलॉनसारख्या गुळगुळीत तंतूंसाठी पाच वेळा ओवणे इष्ट मानतात.

सांध्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. आखूड सांधा मजबूत पण जाड असतो. लांब सांध्यात एका दोराचा पेड काढून त्या जागी दुसऱ्याचा पेड बसवीत जातात. त्यामुळे दोराची जाडी फारशी वाढत नाही व तो कप्पीवरून सहज फिरतो. तिसरा प्रकार टोकाशी करावयाच्या फासाचा होय. पेड उघडण्यासाठी लाकडाची किंवा लोखंडाची निमुळती खुंटी वापरतात.

सागरी परंपरा : पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर नारळाच्या काथ्याचा दोर प्राचीन काळापासून वापरात आहे. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, पाण्यावर तरंगतो आणि झटका बसला असता ताणला जाऊन तो सोसतो. अरबी समुद्रातील अनेक जहाजांच्या फळ्याही खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रंथात शिवलेल्या नावांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ येथील अशा जहाजांचे वर्णन केले, मात्र ती त्याला धोक्याची वाटली. हे तंत्र पुनरुज्जीवित करून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले.

कोकणातील गलबते, मचवे व पडाव यांवर डोलकाठी आणि शीड आवरणारे दोर सतत झिजत. भर समुद्रात नवा दोर मिळणे शक्य नसल्यामुळे झिजलेला भाग कापून उरलेला दोर सांधणे हे खलाशाचे नित्याचे काम असे. रत्नागिरी परिसरातील पुष्कळ खलाशी पुढे ब्रिटिश आगबोटींवर लश्कर म्हणून गेले व तेथे सारंग, तांडेल अशा पदांवर चढले. मुंबईत १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. गाठी व सांधे यांचे ज्ञान हे नौकानयनाच्या रीतसर शिक्षणाचा भाग बनले.

तारदोर व ग्लायडर : जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातील खाणींमध्ये साखळ्या व तागाचे दोर वारंवार तुटत असल्याने १८३४ मध्ये व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. पेड आणि पीळ यांची रचना कायम राहिल्याने सांधण्याची जुनी रीतही तारदोराला लागू पडली.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानोद्योगावर निर्बंध आले आणि तेथील तरुण बिनइंजिनाच्या उड्डाणाकडे वळले. वासरकुप्पे या डोंगरावर १९२० पासून ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या. आरंभी रबरी दोर दोन्ही बाजूंनी ताणून ग्लायडर उतारावरून हवेत सोडीत. सपाट मैदानावरून उड्डाण करता यावे म्हणून पुढे विंच, म्हणजे इंजिनाने फिरणारे रहाट, प्रचारात आले. ग्लायडरपासून सु. १,००० मी. दूर उभ्या असलेल्या विंचच्या पिंपावर दोर वेगाने गुंडाळला जातो. ग्लायडर पतंगाप्रमाणे वर चढते आणि एका मिनिटाच्या आत साधारणतः ३०० ते ४०० मी. उंची गाठते; मग वैमानिक दोर सोडून देतो. पुण्याजवळ हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रात व राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ही पद्धत वापरली गेली. भारतात तयार झालेल्या ‘रोहिणी’ या दोन आसनी ग्लायडरने प्रथम उड्डाण केले ते १९६१ मध्ये.

चढत असताना दोर तुटला, तर वैमानिकाने ग्लायडरचे नाक तत्काळ खाली करावयाचे असते. विलंब झाल्यास वेग घटून अपघात होतो. म्हणून तुटलेला तारदोर सांधताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : सांधा कप्प्यांत अडकता कामा नये आणि तो ठरावीक भाराखाली सुटता कामा नये. यासाठी पेड गुंफतात किंवा दोन्ही टोके धातूच्या नळीत घालून दाबतात. याखेरीज दोर व ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमकुवत दुवा ठेवलेला असतो. भार मर्यादेबाहेर गेला की दुवा तुटतो व ग्लायडरचा सांगाडा वाचतो. सांधा या दुव्यापेक्षा बळकट असला तरच ही योजना उपयोगी ठरते.

मराठवाड्यातील परंपरा : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. कयाधू, पूर्णा व पैनगंगा या नद्यांच्या परिसरातील या भागात, उर्वरित मराठवाड्याप्रमाणेच, विहिरीवरील मोट हे बागायतीचे मुख्य साधन होते. मोटेला दोन दोर लागत : मोट ओढणारा जाड नाडा आणि तिच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर. नाडा चाकावरून व सोंदूर कण्यावरून दिवसभर फिरे. चाकावर गाठ अडते. त्यामुळे जहाजाच्या व विंचच्या दोराप्रमाणे येथेही एकसारख्या जाडीचा दोर आवश्यक होता. नाडा तुटल्यास भरलेली मोट विहिरीत कोसळे.

हे दोर प्रामुख्याने मातंग समाजातील कारागीर वळीत. अंबाडी पाण्यात भिजवून व कुजवून, सालीचा वाख धुऊन वाळवीत आणि त्यापासून नाडे, कासरे, दावी, वेसणी व शिंकी तयार करीत. पोळ्याला बैलांसाठी नवे दोर पुरविणे हे त्यांचे काम असे. मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे खळ्यावरील धान्याच्या वाट्याने, मिळे. ज्यांच्या हातचा दोर विहिरीत उतरे, त्यांनाच गावच्या विहिरीवर पाणी भरण्यास अस्पृश्यतेमुळे मज्जाव असे. त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे हातोहात गेले; खलाशाच्या कौशल्याप्रमाणे ते अभ्यासक्रमात आले नाही किंवा वैमानिकाच्या दोराप्रमाणे नियमावलीत नोंदले गेले नाही.

तेलइंजिने व विजेचे पंप आल्यावर मोट मागे पडली, ट्रॅक्टरमुळे बैल घटले आणि नायलॉनचे तयार दोर बाजारात आले. या व्यवसायाबरोबर आलेले जातीचे बंधन सैल होणे हे इष्टच होते. पण त्याबरोबर कारागिराच्या हातातील ज्ञानही नोंद न होता नाहीसे होत गेले.

आधुनिक स्थिती : अतिबळकट पॉलिएथिलिन तंतूंचे हलके दोर १९९० नंतर उपलब्ध झाले व अनेक देशांत ग्लायडरसाठी पोलादी दोराऐवजी वापरले जाऊ लागले. हे तंतू इतके निसरडे असतात की त्यांवर गाठ नीट टिकत नाही. त्यामुळे पोकळ विणीच्या अशा दोराचे टोक दुसऱ्या दोराच्या पोटात लांबवर ओवून सांधा करतात; ताण पडताच बाहेरची वीण आवळली जाऊन आतले टोक धरून ठेवते. द्रव्य नवे असले, तरी ताणानेच सांधा घट्ट व्हावा हे तत्त्व काथ्याच्या व वाखाच्या दोरातील तत्त्वाहून वेगळे नाही.