सही आली, वाचन राहिलं

आमच्या वाळूज पट्ट्यात प्रौढ शिक्षणाचा हिशेब काढायचा तर हजेरीपटावर भागत नाही, जमिनीचे कागद बघावे लागतात. आज जिथं बजाजनगर आहे, तिथं आधी वडगाव कोल्हाटीची शेतं होती. मग एमआयडीसी आली, १९८५ ला बजाजचा कारखाना सुरू झाला. ज्यांची शेतं गेली त्यांच्यातल्या कुणी कागदावर अंगठा उठवला, कुणी नव्यानं शिकलेली सही केली. कागदात काय लिहिलंय, ते दोघांनाही दुसऱ्यानंच सांगितलं.

मराठवाड्याची सुरुवातच उशिरा झाली. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत, मराठी शाळा थोड्या. १९४८ ला ते राज्य गेलं तेव्हा आमच्या आजोबांची पिढी लिहिण्यावाचण्यापासून लांबच होती. तिकडं सातारा जिल्ह्यात १९५९ ला ग्रामशिक्षण मोहीम निघाली, ती पुढं राज्यभर गेली. गावानं शपथ घ्यायची, प्राथमिक शाळेच्या मास्तरनं शिकवायचं, अन् गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा. गावानं स्वतः काम अंगावर घेतलं, ही तिची मोठी गोष्ट. पण समारंभाचा मांडव उतरला की वाचायला हातात काही राहत नव्हतं, अन् बरेच जण शिकलेलं विसरून गेले.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना शिकवायचं ठरलं. एका वर्गात तीसेक माणसं, साधारण दहा महिने अभ्यास, अन् शिकवणाऱ्याला महिन्याला पन्नास रुपये. आमच्याकडं असा वर्ग कंदिलाच्या उजेडात भरायचा. दिवसभर निंदणी-खुरपणी करून, भाकरी थापून बाया यायच्या. पाटीवर अक्षर काढता काढता डोळा लागायचा. सुगीत वर्ग रिकामा, पण हजेरीपट भरलेला असायचा. रॉकेल वेळेवर आलं नाही की आठ-आठ दिवस अंधार.

माझी चुलती त्याच वर्गात सही शिकली. पुढं शेताची नोटीस आली तेव्हा कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, मपलं नाव तेवढं वळखू येतंय. बाकीचं तू वाच." त्या वर्गाची याहून खरी तपासणी मी दुसरी पाहिली नाही.

सरकारनंही तपासणी केलीच. डॉ. कोठारी यांच्या समितीनं १९८० मध्ये आढावा घेतला. काम बंद करू नका, पण अक्षरओळखीसोबत रोजच्या कामाचं ज्ञान अन् हक्कांची जाणही द्या, असा तिचा रोख होता. १९८८ ला साक्षरता मिशन आलं. सिंधुदुर्ग, वर्धा या जिल्ह्यांत संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा झाल्या; पगारी माणसाऐवजी स्वयंसेवक घरोघर गेले. बाया मोठ्या संख्येनं बाहेर पडल्या, ही त्या काळाची कमाई कुणी नाकारू नये. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्के, अन् बायकांची सुमारे ७६. म्हणजे सात वर्षांवरच्या चार बायकांत जवळपास एक निरक्षर.

आता उल्लास नावाचा कार्यक्रम चालू आहे. वाचन, लेखन, गणित मिळून दीडशे गुणांची परीक्षा, अन् तेहतीस टक्क्यांना पास. परीक्षा वाईट नाही. आजीबाई परीक्षेला बसते, नातू बाहेर थांबतो, हे चांगलंच आहे. पण बजाजनगरात आज भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला काय वाचावं लागतं? पगाराची चिठ्ठी, गॅसची पावती, बँकेचा मेसेज, औषधाच्या पुडीवरची तारीख. वर्ग रात्री भरवला तर सेकंड शिफ्टवाली येणार कधी?

म्हणून माझं माप साधं आहे. किती जणांची नावं नोंदली, किती पास झाले, हे जरूर मोजा. पण वर्षभरानं परत जा, एक कोरी नोटीस नाही, तर छापलेली नोटीस समोर ठेवा, अन् विचारा: बाई, यात काय लिहिलंय? तिनं स्वतः वाचून, "हे मला मान्य नाही, मी सही करत नाही," एवढं म्हटलं, तर तो वर्ग पास झाला असं मी धरीन.