चौपन्नाव्या पलटणीचे वेतन

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६३ च्या पूर्वार्धात, मॅसॅच्युसेट्स राज्याने कृष्णवर्णीय स्वयंसेवकांची चौपन्नावी पायदळ पलटण उभारली. तिचे नेतृत्व पंचवीस वर्षांच्या कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ या गोऱ्या अधिकाऱ्याकडे होते. फ्रेडरिक डग्लस यांचे दोन पुत्रही तीत दाखल झाले. भरतीच्या वेळी गोऱ्या सैनिकाइतके, म्हणजे दरमहा १३ डॉलर वेतन कबूल केले होते. प्रत्यक्षात १० डॉलर ठरले व त्यांतूनही गणवेशापोटी ३ डॉलर कापले जाणार होते. पलटणीने ते वेतन नाकारले.

हा प्रश्न अनिर्णित असतानाच १८ जुलै १८६३ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात पलटण अग्रभागी राहिली. सुमारे ६०० सैनिकांपैकी २७२ ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉही तटावर पडला. शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांसमवेत एकाच खड्ड्यात पुरले.

पुढे मॅसॅच्युसेट्सने वेतनातील तूट भरून देऊ केली, तीही सैनिकांनी स्वीकारली नाही. घरी कुटुंबे हलाखीत होती. तथापि प्रश्न रकमेचा नसून समान दर्जाचा होता. अखेर जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केले. मात्र भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी युद्धारंभी स्वतंत्र असलेल्यांनाच देऊ केली. गुलामगिरीविरुद्धच्या युद्धातही पूर्वायुष्यातील गुलामगिरीचा हिशेब असा मांडला गेला.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या मुक्ततेसाठी स्वतः कृष्णवर्णीयांनी मोजलेली किंमत या पलटणीच्या इतिहासातून उमगते.