मुंबईचा आरंभ कोठून?

मुंबईचा इतिहास कोठून सुरू करावा, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले येते: १६६१, पोर्तुगीज राजकन्या, आंदण. आंदणाची गोष्ट खोटी नाही. कॅथरिन आणि दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या तहात मुंबईचे बेट होते. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. आमची तक्रार एवढीच, की या आरंभात माणसे नाहीत. आहे तो केवळ करारनामा.

मराठीच्या अभ्यासकाला दुसरा आरंभ उपलब्ध आहे, तो 'महिकावतीच्या बखरी'चा. राजवाड्यांनी ही बखर १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा जुना भाग शके १३७० च्या, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमाराचा, केशवाचार्यांचा. यात बिंब राजा उत्तर कोकणात उतरतो, माहीमला राजधानी करतो आणि बरोबर आणलेल्या कुळांना गावे व वृत्ती वाटून देतो. हा बिंब नेमका कोण, देवगिरीच्या यादवांचा वंशज की त्याच्या आधीचा कोणी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो लिहिण्याचा हेतू. राज्य गेले, कुळांना आपला वंश आणि आचार यांचा विसर पडू लागला, म्हणून ही बखर लिहिली गेली. ज्यांची कुळे नोंदवायची त्यांच्या आगमनापासून ती सुरू होणार, हे ओघानेच आले. म्हणजे तहनाम्यात जे घडते तेच थोड्या फरकाने येथेही घडते: लिहिणाऱ्याचा धनी आला, की बेटाचा जन्म होतो!

त्याआधी काय होते, हे दगडाला विचारावे लागते. १९३१ मध्ये परळ-शिवडीच्या बाजूला रस्त्याचे काम चालू असताना एक भव्य शिवशिल्प सापडले. ते आज तेथल्याच बारादेवीच्या देवळात आहे. एकातून एक उमलत जाणाऱ्या शिवाच्या आकृती आणि पायाशी वाद्ये घेतलेले गण असलेले हे शिल्प शैलीवरून सहाव्या शतकातले मानतात. घारापुरीच्या लेण्यांशी त्याचे नाते उघड आहे. असे शिल्प निर्जन बेटावर कोणी कोणासाठी घडवील?

बखरीत आणि तहात ज्यांना पहिल्या ओळीत जागा मिळाली नाही, त्या कोळ्यांचे वास्तव्य वरळी, माहीम, शिव, कुलाबा येथल्या कोळीवाड्यांनी आणि मुंबादेवीच्या नावाने सांभाळले. स्थळनामांचा पुरावा मात्र जपून वापरावा. माझगावचे मूळ 'मत्स्यग्राम' असल्याचे सांगतात; अशा व्युत्पत्ती ऐकायला गोड लागतात म्हणून त्यांवर फार भार टाकू नये. पायधुणीचे तसे नाही. भरतीचे पाणी तेथवर येई, ओहोटीला चिखल तुडवत पलीकडे गेलेला माणूस तेथे पाय धुई, हे नावातच आहे. उमरखाडीतही खाडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड बांधाने बंद झाली आणि आतल्या सखल भागात शिरणारे पाणी अडले, पुढे भरावही पडत गेला. नावे तेवढी ओली राहिली.

आम्ही अलीकडे हा भाग शिकवताना फळ्यावर सन लिहीत नाही. पायधुणी लिहितो, आणि तेथे पाय धुणारा माणूस कोठून कोठे चालला असेल, एवढेच विचारतो.