वार्धक्यातील आरोग्याचे मोजमाप

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर तमिळनाडूत १०.४ टक्के होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार आरोग्य म्हणजे संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. उतारवयात हा निकष फार थोडे लोक पूर्ण करू शकतात. त्यामुळे संघटनेने २०१५ च्या अहवालात आजारांच्या संख्येऐवजी ज्येष्ठांच्या कार्यक्षमतेवर भर दिला. मधुमेह असूनही स्वतःचे व्यवहार सांभाळणारी व्यक्ती आणि कोणत्याही आजाराचे निदान झालेले नसताना आधाराशिवाय उठू न शकणारी व्यक्ती, यांच्या गरजा भिन्न असतात.

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाला. पाहणीत प्रश्नावलीसोबतच रक्तदाब, दृष्टी, हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि स्मरणशक्ती यांचीही तपासणी करण्यात आली. स्नान, कपडे घालणे, जेवण अशी दैनंदिन कामे स्वतः करता येतात का, याचीही नोंद घेण्यात आली.

प्रत्यक्ष तपासणी महत्त्वाची ठरते. कारण जिथे डॉक्टर दूर असतो, तिथे निदानही होत नाही. केवळ सांगितलेल्या आजारांची मोजणी केल्यास उपेक्षित भागच अधिक निरोगी असल्याचा आभास निर्माण होतो आणि आरोग्यसेवेची सर्वाधिक गरज असलेले ज्येष्ठ नागरिक तिच्यापासून वंचित राहतात.