टाकीतल्या गोगलगायी : आगंतुक की जुन्या भागीदार?

थ्रेड 🧵

१/ भायखळ्यात, राणीच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर. बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी. तीत गप्पी मासे, थोडी कोळंबी आणि पाणवनस्पती. गेल्या पावसाळ्यात वनस्पतींची एक नवी जुडी आणून लावली आणि महिन्याभरात काचेवर गोगलगायींची रांगच लागली. दिवसा मोजाव्यात तर वीस, रात्री दिवा लावावा तर दोनशे.

२/ उतावीळपणे औषधाची बाटली आणली आणि थेंब मोजून टाकले. आधी कोळंबी मेली, मग गोगलगायी. त्यांचे मेलेले जीव वाळूत कुजले, पाणी दुधाळ झाले आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : ताम्रयुक्त. चूक माझीच. पण त्या तांब्यामागे केवढा इतिहास आहे, हे नंतर वाचनात आले.

३/ आरंभ लंडनमध्ये. रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्याने काचेच्या पात्रात दोन छोटे सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे सोडतात तो कर्बवायू वनस्पतीने घ्यावा, वनस्पती सोडते तो प्राणवायू माशांनी घ्यावा, असा हिशेब. पाणी न बदलता जीव जगवण्याचा तो प्रयोग होता.

४/ हिशेब लवकरच बिघडला. वनस्पतीची जुनी पाने कुजली, काचेवर बुळबुळीत थर साचला, पाणी गढुळले. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि थर खाऊन पाणी निवळ केले. वर त्यांची अंडी आणि पिल्ले माशांना खाद्य झाली. १८५० मध्ये त्याने हे निष्कर्ष मांडले.

५/ म्हणजे ज्या प्रयोगातून घरगुती मत्स्यटाकीची कल्पना रुजली, त्यात गोगलगाय चुकून शिरलेली नव्हती. तिला बोलावणे धाडले होते. मासा, वनस्पती आणि गोगलगाय असा तो तिघांचा संसार. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. आपली राणीची बाग लोकांसाठी खुली झाली ती त्यानंतर आठ वर्षांनी, १८६२ मध्ये.

६/ मग भागीदार शत्रू कशी झाली? ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. टाकीत सर्रास आढळणारी फायसा ही उभयलिंगी. जोडीदार न मिळाल्यास ती एकटीही वंश वाढवू शकते. वाळूत दडून राहणारी, निमुळत्या शंखाची ‘मलेशियन ट्रम्पेट’ तर बहुधा नराविनाच थेट पिल्ले देते.

७/ या ‘मलेशियन’ नावाची गंमत पाहा. शास्त्रज्ञ म्युलर याने १७७४ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले, ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून! आज ती जगभर पसरली आहे आणि त्या प्रसारात पाणवनस्पतींच्या व्यापाराचा वाटा मोठा. परदेशी नाव घेऊन ती आपल्याच देशातल्या दुकानांत परतली.

८/ गोगलगायीविरुद्ध खरे युद्ध मात्र टाकीत झाले नाही, ते नाईलच्या कालव्यांत झाले. लघवीवाटे रक्त जाण्याच्या रोगाचा कृमी थिओडोर बिल्हार्त्झ याने १८५१ मध्ये कैरोत शोधला. तो माणसात शिरतो कसा, हे कळायला आणखी ६४ वर्षे लागली. १९१५ मध्ये रॉबर्ट लायपर याने दाखवले : वाटेतला मुक्काम गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत.

९/ रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी गोगलगायीत शिरून वाढते. पुढच्या अवस्थेतल्या अळ्या पाण्यात येतात आणि आंघोळ करणाऱ्याची त्वचा भेदून शरीरात जातात. गोगलगाय मारली तर साखळी तुटेल, या विचाराने १९२०च्या सुमारास मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पुढे आले.

१०/ कोकणात सुपारीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलाच हा मोरचूद. तो गोगलगायी मारतो हे खरे. पण चिखल आणि सेंद्रिय गाळ तांबे शोषून घेतात, म्हणून मात्रा पुन्हापुन्हा द्यावी लागते; आणि मासे, वनस्पतीही त्यात होरपळतात. शिवाय गोगलगायी वरच्या प्रवाहातून परत येतात. माझ्या टाकीत जे दोन दिवसांत घडले, ते कालव्यांत वर्षानुवर्षे घडत होते.

११/ आता आपल्या घराजवळ येऊ. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी त्याच प्रकारच्या मूत्रमार्गाच्या रोगाचे केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले. भारतात असे काही असेल, ही कल्पना तेव्हा नवी होती.

१२/ गिमवी गुहागर तालुक्यात. भायखळा, लालबाग, परळच्या कित्येक चाळकऱ्यांचे मूळ गाव त्याच मुलखातले. गणपतीला, शिमग्याला ते त्याच वाटेने जात. गिमवीत मधला यजमान म्हणून बोट दाखवले गेले ते फेरिसिया या गोगलगायीकडे. अवघ्या काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची, दगडाला चिकटलेली. न शोधणाऱ्याला दिसणारही नाही अशी.

१३/ टाकीच्या काचेवर कधी सूक्ष्म टोपीसारखे कवच चिकटलेले दिसते, ते बहुधा याच फेरिसिया प्रजातीतले असते. घाबरू नये. रोगाला गोगलगाय पुरत नाही. रुग्णाची लघवी पाण्यात मिसळावी लागते आणि त्या पाण्यात माणसाने उतरावे लागते. घरच्या टाकीत ही साखळी जुळतच नाही. दोष एकट्या गोगलगायीचा कधीच नव्हता.

१४/ मग उपाय काय? वॉरिंग्टनचा हिशेब आठवावा. गोगलगायींची संख्या उरलेल्या अन्नावर ठरते.
• माशांचे खाणे निम्म्यावर आणावे. दोन मिनिटांत संपेल तेवढेच.
• रात्री काकडीची चकती ठेवावी, पहाटे चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलावी.
• काचेवरचे अंड्यांचे पारदर्शक पुंजके खरवडून काढावेत.
• नवी वनस्पती तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवून, स्वच्छ धुऊन, दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावी.

१५/ आणि एक पथ्य : काढलेल्या गोगलगायी किंवा वनस्पती गटारात, तलावात टाकू नयेत. आपल्याकडची इंडोप्लॅनॉर्बिस ही चपट्या शंखाची गोगलगाय जनावरांच्या कृमिरोगांची वाहक. ती आता आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांतही पोहोचली आहे. एका घराची अडगळ दुसऱ्या मुलखाचे संकट होते, ते असे.

१६/ माझ्या टाकीत आज वीसेक गोगलगायी आहेत. औषध नाही, काकडी आहे. काच स्वच्छ असते, कोळंबी पुन्हा आणली आहे. त्या वाढू लागल्या की मी त्यांच्याकडे न पाहता खाण्याच्या डबीकडे पाहतो. पाण्यात काय जास्त झाले आहे, हे गोगलगाय आपल्याआधी ओळखते. 🐌