अकरा ते पाच

आपल्या हुजूरपागेबद्दल बोलताना ‘मुलींची पहिली शाळा’ असे सहज म्हटले जाते. मैत्रिणींनो, ते खरे नाही आणि तसे म्हणायची गरजही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. भिडे वाडा आपल्या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आपली शाळा सुरू झाली सप्टेंबर १८८४ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. आपले वेगळेपण ‘हायस्कूल’ या शब्दात आहे. मुलींनी चार पुस्तके वाचायला आणि दूधवाल्याचा हिशेब ठेवायला शिकावे, इथवर पुण्यातली बरीच शहाणी मंडळी तोवर आली होती. त्यांनी मुलांसारखेच इंग्रजी आणि गणित घेऊन मॅट्रिकच्या दिशेने जावे, हे मात्र पुष्कळांना पचत नव्हते.

हे हायस्कूल व्हावे म्हणून न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर ही मंडळी झटली. सर विल्यम वेडरबर्न यांनी आपल्या भावाच्या स्मरणार्थ दहा हजार रुपये दिले. पेशव्यांच्या खाशा घोडदळाची पागा जिथे होती ती जागा शाळेला मिळाली, आणि सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचे नाव ‘एच.एच.सी.पी.’ या अक्षरांत राहिले. आपण ती अक्षरे गणवेशावर वर्षानुवर्षे वागवली. त्यांचा अर्थ विचारला तर अर्धा वर्ग गप्प बसायचा.

मला या सगळ्यात रमाबाई रानड्यांची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी पुण्यात भर सभेत वाचले. बाहेर कौतुक झाले. घरी मात्र वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोचून टोचून बोलून घेतले. हे सारे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले आहे. राग तरी कशाचा? चारचौघांत उभे राहून, पुरुषांसमोर, इंग्रजीत वाचले याचा. सभेतून बाई स्वयंपाकघरात परत येते तेव्हा इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

शाळा निघाली तरी वाद मिटला नाही. १८८७ मध्ये टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातून आपल्या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका झाली. मुलींना इतके इंग्रजी कशाला, हा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप वेळापत्रकावर. अकरा ते पाच मुलगी शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार? सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरेत, असे सुचवले गेले. टिळकांबद्दलचा आदर ठेवूनही हे आपल्या स्मरणिकेत यायला हवे. शाळा काय होती ते तिच्या देणगीदारांइतकेच तिच्या विरोधकांवरूनही कळते.

आणि एक बाजू आपल्याकडचीही. सुरुवातीच्या पटावरच्या मुली बहुतेक सुखवस्तू, उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव सांगत होते की सरकारने आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे बघावे. तो मुद्दा हायस्कूल निघाल्याने खोडला गेला नाही.

इरावती कर्वे सात वर्षांच्या असताना त्यांना ब्रह्मदेशातून हुजूरपागेत धाडले गेले. वडील तिकडे कापसाच्या धंद्यातल्या कंपनीत होते. हे वाचले तेव्हा मला हसूच आले, कारण माझेही बाबा कापसातलेच. यवतमाळ जिल्ह्यात कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. आठवीत मला मावशीकडे पाठवले तेव्हा एसटीने धामणगाव आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस, असा आमचा प्रवास. ‘मी जाऊन राहिली’ असे म्हटले की तुम्ही हसायचात. दिवाळीपर्यंत तुमच्यातल्या दोघीतिघी तसेच बोलायला लागल्या होत्या! इंदापूरच्या शांता शेळके याच शाळेत शिकल्या हे कळल्यावर बाहेरगावच्या आम्हा मुलींना जरा आधार वाटला होता.

गेली काही वर्षे मी यवतमाळहूनच कंपनीचे काम करते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची मुलगी दहावीत आहे. गाव अकरा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, त्यामुळे पैशाची अडचण नाही, अडचण वेळेची. वेचणी सुरू झाली की आई पहाटेच शेतात जाते, मग धाकट्या भावाचे आणि चुलीचे हिच्याकडे. दिवाळीनंतरच्या महिन्यात ती किती दिवस शाळेत गेली, असे मी विचारले. ताई म्हणाल्या, “मॅडम, सकाळची शाळा असती तं बरं झालं असतं. अकरा ते पाच म्हंजे पुरा दिवसच जाते ना.” त्यांना ‘मराठा’ पत्र माहीत असायचे कारण नाही. त्यांची अडचण खरी आहे, आणि मुलीने शिकावे असे त्यांनाही मनापासून वाटते. संध्याकाळी माझे काम आटोपले की मी तिला भूमिती शिकवते. शेवटची एसटी चुकली तर ती आमच्याकडेच राहते.

मेळाव्याला येताना एक करा. ज्यांच्या आई, आजी, पणजी हुजूरपागेत होत्या, त्यांनी घरातल्या जुन्या ट्रंका उघडून बघा. प्रगतिपुस्तक, वह्या, वर्गाचा फोटो, विशेषतः हाताने लिहिलेले वेळापत्रक सापडले तर घेऊन या. मी स्कॅनर आणणार आहे. कागद तिथल्या तिथे परत मिळेल. कोणत्या सालचे आहे ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि त्या घरी येऊन काय काय कामे करायच्या ते आठवत असेल तर तेही लिहा.